एकाच पेनड्राइव्हवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम : घोटीच्या पावसात शिकलेलं बूटिंग



संशोधनाला लागणाऱ्या साधनांबद्दल लिहितो म्हटलं की सगळ्यांना सॉफ्टवेअर आठवतं. कोणी आर म्हणतं, कोणी पायथन, कोणी क्यूजीआयएस. आज मी तुम्हाला एका पेनड्राइव्हबद्दल सांगणार आहे. त्यावर पाच-सहा ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र नांदतात आणि कोणत्याही कॉम्प्युटरला लावून त्यातली हवी ती सुरू करता येते. पीएचडीला प्रवेश घेतानाच कोणी हे मला शिकवलं असतं, तर गेल्या वर्षीच्या जुलैतली एक रात्र वाचली असती.

माझं घर घोटीचं. इगतपुरी तालुका, भाताच्या गिरण्या आणि पावसाळ्यात चार महिने न वाळणारे कपडे. दारणेच्या खोऱ्यातला पाऊस आणि ओढ्यांना येणारं पाणी हा माझा विषय, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मी घरीच मुक्कामी असतो. पर्जन्यमापकाच्या नोंदी लॅपटॉपवर उतरवायच्या, तपासायच्या आणि पुण्याला परतायचं. लॅपटॉप जुना, बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची. त्या रात्री विंडोजचं अपडेट चालू होतं आणि लाईट गेली. परत आली तेव्हा पडद्यावर फक्त निळा रंग आणि 'दुरुस्ती करण्याचा प्रयत्न करत आहोत' असा निरोप. दुरुस्ती काही होईना. पाच दिवसांनी आरएसीपुढे सादरीकरण होतं आणि तीन आठवड्यांच्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या. बॅकअप? घ्यायचाच होता हो, घेणारच होतो.

सकाळी एका दुकानात गेलो. दुकानदारानं लॅपटॉप पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल." आतला डेटा? "तो जाईल."

डेटा गेला नाही. आमच्या गल्लीतला, नाशिकला डिप्लोमा करणारा एक मुलगा संध्याकाळी घरी आला. "दादा, डिस्क बिघडलीय कुठे? विंडोज बिघडलंय," एवढंच म्हणाला. त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर यादी आली: उबंटू, मिंट, क्लोनझिला, विंडोज... त्यानं उबंटू निवडलं, इन्स्टॉल न करता तसंच चालवलं. माझी डिस्क उघडून फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर ओढून टाकलं. मध्ये एक अडचण आली, ती पुढे सांगतो. पण त्याचं ते वाक्य मात्र लक्षात ठेवा. डिस्क आणि तिच्यावरची सिस्टिम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टिम मेली म्हणून डेटा मेला, असं होत नाही. आत शिरायला दुसरं दार हवं, इतकंच.

आयएसओ फाइल नुसती कॉपी केली तर का चालत नाही?

हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला होता आणि तो हसला होता. तुम्हीही कधीतरी केलं असेल: उबंटूची आयएसओ डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर पेस्ट केली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि काहीच झालं नाही.

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याला तुमची आयएसओ काय, विंडोज काय, काहीच कळत नाही. त्याला एक-दोन ठरलेल्या जागाच माहीत असतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे बायॉसमध्ये, तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खूण म्हणून. ती खूण सापडली की तो ४४६ बाइटच्या प्रोग्रामकडे कारभार सोपवतो आणि बाजूला होतो. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, फर्मवेअर थोडं शहाणं झालंय. त्याला फॅट प्रकारची फाइलव्यवस्था वाचता येते. पेनड्राइव्हवर तो 'ईएफआय' फोल्डरमधलं 'बूट' फोल्डर शोधतो आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल असेल तर चालवतो. ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर तिचं नाव 'बूटएक्स६४' असतं.

आता तुमची पेस्ट केलेली आयएसओ आठवा. हे सगळं सामान तिच्यात आहेच, पण एका बंद गाठोड्याच्या आत. फर्मवेअर गाठोडं सोडत नाही. ते दारातूनच परत जातं.

मी घोटीचा, त्यामुळे मला हे रेल्वेवरून चटकन समजलं. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाट ३७ फुटांना १ फूट असा चढतो. जड गाडीला एकट्या इंजिनानं तो चढवत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ती घाटभर ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. पुढे घोटीला गाडी येते ती आपल्याच इंजिनावर. बूटलोडर म्हणजे हे बँकर. त्याचं काम फक्त घाट चढवण्याचं. कर्नल मेमरीत चढवला, त्याच्या हाती सूत्रं दिली की तो सुटला.

आणि बायॉस-यूईएफआयचा फरक? पूर्वी मुंबईकडून इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्ट डीसी वीज होती आणि त्यापुढे २५,००० व्होल्ट एसी. त्यामुळे इगतपुरीला बऱ्याच गाड्यांचं इंजिन बदलायचं. दोन्ही विजेवर चालणारं इंजिन असेल तर मात्र गाडी तशीच पुढे जायची. चांगला मल्टिबूट पेनड्राइव्ह असा दोन्हीवर चालणारा हवा. पहिल्या सेक्टरमधला जुना प्रोग्रामही हवा आणि फॅट विभागातली नवी फाइलही हवी. कारण प्रयोगशाळेत तुमच्यासमोर २०१० सालचं यंत्र येईल की गेल्या महिन्यात घेतलेलं, हे तुमच्या हातात नसतं.

एक सिस्टिम सोपी, अनेक अवघड

एकच सिस्टिम घालायची तर काम सोपं. लिनक्सच्या आजच्या बहुतेक आयएसओ 'हायब्रिड' असतात. म्हणजे तीच फाइल सीडीवरही चालते आणि बाइटन् बाइट जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली तरी चालते. रूफससारखी साधनं हेच करून देतात. तोटा असा की ३ जीबीच्या आयएसओसाठी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह अडकून पडतो आणि दुसरी सिस्टिम हवी तर पहिली पुसावी लागते. माझ्या टेबलाच्या खणात एकेकाळी चार पेनड्राइव्ह होते, त्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली. पावसाळ्यात चिकटपट्ट्या सुटल्या.

मग अनेक आयएसओ शेजारी शेजारी ठेवून, सुरुवातीला यादी दाखवणारा बूटलोडर का लावू नये? कल्पना जुनीच आहे. ग्रब नावाचा बूटलोडर आयएसओ फाइल उघडून तिच्यातला कर्नल बाहेर काढू शकतो. खरी अडचण त्यानंतर येते, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

कर्नल मेमरीत आला, बँकर सुटला. आता कर्नलला उरलेली सिस्टिम वाचायची आहे. तो सीडी शोधतो किंवा आपल्या नावाचा विभाग शोधतो, आणि सापडत नाही. आपण एका मोठ्या ड्राइव्हवरच्या फाइलच्या पोटातून आलो आहोत, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं. यादी दिसते, सिस्टिम निवडली जाते, चार ओळी सरकतात आणि मग 'माध्यम सापडत नाही' असं सांगून सगळं थांबतं. जुन्या साधनांनी यावर प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी सूचना लिहून ठेवण्याचा मार्ग काढला. उबंटूला एक ओळ, फेडोराला दुसरी. नवी आवृत्ती आली की ओळ बिघडायची.

२०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉय या मुक्त सॉफ्टवेअरनं हे जरा वेगळ्या युक्तीनं सोडवलं. आयएसओ फाइलचे तुकडे ड्राइव्हवर नेमके कोणत्या सेक्टरांत आहेत याची नोंद तो करतो आणि लिनक्स सुरू होत असताना ती तिच्या हाती देतो. लिनक्समध्ये विखुरलेले सेक्टर सलग जोडून त्यांची एक आभासी डिस्क उभी करण्याची सोय आधीपासूनच आहे, ती इथे कामी येते. म्हणजे कर्नलला समोर खरीखुरी सीडी दिसते. विंडोजच्या बाबतीत तो इन्स्टॉलरमध्ये आपला छोटा प्रोग्राम शिरवतो आणि तो प्रोग्राम आयएसओ ड्राइव्ह म्हणून जोडून देतो. परिणाम काय, तर तुम्ही आयएसओ नुसती कॉपी करायची. सुरुवातीला जे चालत नव्हतं, नेमकं तेच आता चालतं!

आता प्रत्यक्ष

आधी पेनड्राइव्ह. ३२ जीबी पुरतो, ६४ असेल तर मोकळेपणा राहतो. उबंटू २४.०४ची आयएसओ सुमारे ६ जीबी, विंडोज ११चीही साधारण तेवढीच, मिंट ३ जीबीच्या आत, क्लोनझिला अर्धा जीबी, मेमटेस्ट तर काही एमबीच. यूएसबी ३.० चा घ्या. २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी, आणि हातात त्याच्या निम्मी येते. लाइव्ह सिस्टिम त्यावर चालवताना एकेका खिडकीसाठी थांबावं लागतं.

बाजारात स्वस्त मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका. बनावट पेनड्राइव्हमध्ये आतली चिप ८ जीबीची असते आणि ती ६४ जीबी असल्याचं खोटं सांगते. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक चालतं. नंतर नवं लिहिलेलं जुन्यावरच जातं किंवा हवेत जातं, आणि कॉपी 'यशस्वी' झाल्याचं दिसत राहतं. मला हे एकदा महागात पडलंय. तेव्हा नव्या ड्राइव्हवर आधी विंडोजमध्ये एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्समध्ये एफ-थ्री चालवा. ही साधनं ड्राइव्ह पूर्ण भरतात आणि परत वाचून पडताळतात. तास-दोन तास लागतात. लागू द्या.

व्हेंटॉय त्याच्या अधिकृत साइटवरून किंवा गिटहबवरूनच घ्या. झिप उघडा, विंडोजवर 'व्हेंटॉयटूडिस्क' चालवा, यादीतून पेनड्राइव्ह निवडा. इथे थांबा. यादीत तुमची बाहेरची हार्डडिस्कही दिसत असेल. इन्स्टॉल दाबल्यावर निवडलेल्या ड्राइव्हवरचं सगळं जातं, म्हणून आकार आणि नाव दोनदा वाचा. मी तर बाकीच्या सगळ्या यूएसबी वस्तू आधी काढून ठेवतो. पर्यायांमध्ये विभागांच्या तक्त्याचा प्रकार विचारला तर एमबीआर ठेवा. काही जुन्या यंत्रांना जीपीटी झेपत नाही आणि पेनड्राइव्हच्या आकाराला एमबीआर पुरून उरतं. त्याची अडचण २ टीबीच्या वर सुरू होते.

काम झालं की ड्राइव्हवर दोन विभाग तयार होतात. मोठा विभाग एक्सफॅटचा, तुमच्यासाठी. छोटा ३२ एमबीचा फॅट विभाग फर्मवेअरसाठी, त्याला हात लावू नका. दोन का? यूईएफआयला फॅट वाचता येतं, पण फॅट३२मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि आजच्या आयएसओ त्याहून मोठ्या. म्हणून फर्मवेअरला वाचता येईल असं छोटं दार वेगळं आणि कोठार वेगळं.

आता आयएसओ कॉपी करा. त्याआधी प्रत्येकीची पडताळणी करायची. डाउनलोडच्या पानावर शा-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा आकडा दिलेला असतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो काढता येतो. दोन्ही जुळले तर फाइल धड उतरली. गावाकडच्या नेटवर ६ जीबी उतरवताना मध्ये तीनदा लाइन तुटते आणि अर्धवट फाइलही दिसायला पूर्णच दिसते. मग इन्स्टॉल नव्वद टक्क्यांवर अडकतं आणि आपण लॅपटॉपला शिव्या देतो. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' करूनच पेनड्राइव्ह काढा. एक्सफॅटला अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरून घेण्याची सोय नसते.

बूट करताना लॅपटॉप सुरू होताक्षणी मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण अनेक मॉडेलांत ती आधी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते.

पहिल्यांदा लावलात आणि 'सुरक्षेचं उल्लंघन' अशा अर्थाचा निळा पडदा आला तर घाबरू नका. तो सिक्युअर बूट आहे. ओळखीच्या सहीचाच बूटलोडर चालू द्यायचा, हे त्याचं काम. ओके करा, मग कोणतीही कळ दाबा. 'डिस्कवरून किल्ली नोंदवा' हा पर्याय निवडून छोट्या विभागातली व्हेंटॉयची किल्ली नोंदवा आणि रीस्टार्ट करा. ही नोंद त्या यंत्रात कायम राहते, म्हणून प्रत्येक यंत्रावर एकदाच करावी लागते. आणि म्हणूनच दुसऱ्याच्या यंत्रावर ती परवानगीशिवाय करायची नसते. विभागातला कॉम्प्युटर हा विभागाचा असतो. तिथल्या टेक्निशियनना आधी विचारा. बहुतेक वेळा ते 'करा हो' म्हणतात, आणि नाही म्हणाले तर त्यामागे कारण असतं.

व्हेंटॉयवर एक आक्षेप आहे, तोही सांगून ठेवतो. त्याच्या स्रोतसंचात काही तयार, बांधलेल्या फाइली आहेत, ज्या आत काय आहे ते सहज तपासता येत नाहीत. २०२४ मध्ये एक्सझेड या साधनात मागचं दार सापडल्यावर लोक अशा फाइलींकडे बारकाईनं पाहू लागले आणि व्हेंटॉयवरही प्रश्न आले. मी तो दुरुस्तीसाठी आणि शिकण्यासाठी वापरतो. मुलाखतींचं गोपनीय साहित्य हाताळणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं मात्र एक आयएसओ, एक पेनड्राइव्ह हाच जुना मार्ग धरलाय. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

ती मधली अडचण

त्या रात्री उबंटू सुरू झालं आणि माझी डिस्क दिसली, पण कुलूपबंद. विंडोजनं ती बिटलॉकरनं आपणहून कुलूपबंद केलेली होती आणि मला पत्ताच नव्हता. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की, हे आपोआप होतं. उघडायला ४८ आकडी किल्ली लागते. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली होती. खात्याचा पासवर्ड आठवायला पाऊण तास गेला, ओटीपी यायला घोटीचा पाऊस आडवा. शेवटी मोबाइल घेऊन गच्चीच्या जिन्यात उभा राहिलो तेव्हा आला. ती किल्ली उबंटूमध्ये घातली आणि फोल्डर उघडले.

तेव्हा आज, हा लेख वाचून झाल्यावर, सगळ्यात आधी ती किल्ली शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. पेनड्राइव्ह नंतर बनवा. आणि सिक्युअर बूटचं सेटिंग बदलण्याआधी किल्ली हाताशी आहे ना ते पाहाच. सेटिंग बदललं की विंडोज पुढच्या वेळी तीच मागू शकतं, आणि तेव्हा तुमच्याकडे ती नसेल तर काहीच बिघडलेलं नसताना तुम्ही बाहेर आणि डेटा आत.

दुसरी एक छोटी गोष्ट. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावरही ती डिस्क अर्धी झोपलेलीच असते. लिनक्स अशी डिस्क फक्त वाचायला उघडतं. डेटा काढायला तेवढं पुरतं. जबरदस्तीनं लिहायला जाऊ नका.

प्रयोगशाळेत याचा काय उपयोग?

आमच्याकडे नोंदयंत्राला जोडलेला एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं, त्याची सीडी हरवलेली, बनवणारी कंपनी ते आता देत नाही. अशी यंत्रं तुम्हाला प्रत्येक विभागात भेटतील. त्या हार्डडिस्कनं आवाज करायला सुरुवात केली तेव्हा मॅडमची परवानगी घेऊन आम्ही याच पेनड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू केलं आणि पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली. क्लोनझिला तैवानमधल्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रानं बनवलेलं साधन आहे. डिस्कवरचे वापरात असलेले भागच ते उचलतं, त्यामुळे ५०० जीबीची डिस्क ६० जीबीत मावली. मेनूत 'सेव्हडिस्क' आणि 'रिस्टोअरडिस्क' हे शेजारी शेजारी असतात. पहिलं डिस्कवरून उचलतं, दुसरं डिस्कवर लिहितं. तिथे घाई केलीत तर मी काही मदत करू शकणार नाही.

डिस्क वाचताना चुका येत असतील तर क्लोनझिलाच्या आधी सिस्टिमरेस्क्यूमधलं डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब सेक्टरांकडे शेवटी वळतं. मरणाऱ्या डिस्कला पुन्हा पुन्हा त्याच जागी खरवडणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं.

आणि यंत्र जुनं ३२-बिट असेल तर ६४-बिट आयएसओ त्यावर सुरूच होत नाही. उबंटूनं डेस्कटॉपसाठी ३२-बिट आयएसओ कधीच्या बंद केल्या. डेबियननंही ऑगस्ट २०२५ मधल्या १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. म्हणून एक जुनी ३२-बिट आयएसओ जपून ठेवावी.

दुसरा उपयोग मला नंतर सुचला. माझं एक प्रारूप माझ्या लॅपटॉपवर एक उत्तर द्यायचं आणि सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर किंचित वेगळं. दोघांचं सॉफ्टवेअर वेगळं, आवृत्त्या वेगळ्या. कुठे शोधायचं? आम्ही दोन्ही लॅपटॉप एकाच आयएसओवरून सुरू केले, त्याच पायऱ्यांनी तीच पॅकेजं टाकली आणि प्रारूप चालवलं. मोठा फरक गेला, म्हणजे तो आवृत्त्यांचा होता. आठव्या-नवव्या दशांश स्थानावरचा फरक मात्र राहिला. तो गणिती लायब्ररीचा. ती प्रोसेसर ओळखून वेगवेगळ्या क्रमानं बेरजा करते आणि दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला की शेपूट बदलतं. परीक्षकांनी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर आहे. लाइव्ह सिस्टिम बंद केली की सगळं विसरते, आणि इथे तोच तिचा गुण ठरला. प्रत्येक वेळी आरंभबिंदू एकच.

विसरू नये असं वाटत असेल तर व्हेंटॉयमध्ये तशी सोय आहे. लिनक्सवर त्याच्यासोबतच्या स्क्रिप्टनं १ जीबी किंवा हवा तेवढा साठा बनवायचा आणि कोणती आयएसओ कोणता साठा वापरेल हे 'प्लगसन' या साधनात ब्राउझरमधून जोडून द्यायचं. मग तुमचं वायफाय, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक, टाकलेली पॅकेजं टिकतात. पण रोजचं काम त्यावर करू नका. पेनड्राइव्ह सततच्या लिहिण्यासाठी बनलेला नसतो. रोजच वापरायचं तर छोटी बाहेरची एसएसडी घ्या.

मराठीत काम करणाऱ्यांनी सी-डॅकची बॉस लिनक्सही एकदा लावून पाहावी. डेबियनवर आधारलेली आहे आणि भारतीय भाषा तिच्यात आधीपासून बसवलेल्या आहेत. मुलाखतींचं लिप्यंतरण करणाऱ्या माझ्या एका मित्राला ती आवडली. मला स्वतःला मिंट हलकं वाटतं, पण हा सवयीचा भाग झाला.

सध्या माझ्या ड्राइव्हवर उबंटू, मिंट, क्लोनझिला, सिस्टिमरेस्क्यू, मेमटेस्ट आणि विंडोज आहे. शिवाय डेबियन १२. नवी आवृत्ती आली तरी ती काढलेली नाही, कारण माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिच्यावर चाललंय. तिचा शा-२५६ आकडा मी वहीत, पर्जन्यमापकाच्या नोंदींच्या पानाच्या मागे लिहून ठेवलाय. बिटलॉकरची किल्ली त्याच्या खाली आहे. वही प्लास्टिकच्या पिशवीत असते, जून ते सप्टेंबर.